सी मधून सॉकेटवर ६४ बिटांची संख्या पाठवायची कशी

पाठवणाऱ्या मशीनवर फाईल होती ५,००,००,००,००० बाइटांची, म्हणजे बरोबर पाच अब्ज. घेणाऱ्या मशीनने ७०,५०,३२,७०४ बाइट घेतले, ‘फाईल पूर्ण आली’ असं लॉगमध्ये लिहिलं आणि कनेक्शन बंद केलं. कुठेही एरर नाही, क्रॅश नाही. त्या आधी कित्येक महिने हाच प्रोग्राम दोन-चार एमबीच्या फाईली बिनचूक पोचवत होता.

त्या दोन आकड्यांची वजाबाकी केली तर बाकी येते ४,२९,४९,६७,२९६. हा दोनचा बत्तिसावा घात. फाईलची साइझ पाठवताना मी ती ‘एचटीओएनएल’ या, संख्येचे बाइट नेटवर्कच्या क्रमात लावणाऱ्या फंक्शनमधून काढली होती, आणि त्या फंक्शनला ३२ बिटांपलीकडचं काही ठाऊक नसतं. वरचे बिट गळून पडले आणि उरलेला आकडा दिसायला अगदी खरा होता. हे शोधायला मला दोन दिवस लागले. ते तुमचे वाचावेत म्हणून पायऱ्या क्रमाने लिहून ठेवतो आहे.

तुम्हाला सॉकेट उघडणं, कनेक्ट करणं, लिसन करणं जमतं असं मी धरून चाललो आहे. कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाईप करताना त्यांची नेहमीची रोमन स्पेलिंग वापरा.

काय काय जवळ हवं

- जीसीसी किंवा क्लँग हा कंपायलर, सगळ्या वॉर्निंग चालू करून
- एसटीडीइंट, इंटटाइप्स, स्ट्रिंग आणि एरनो ही चार हेडरं
- टीसीपीडंप किंवा वायरशार्क, म्हणजे तारेवर खरंच काय जातंय ते डोळ्यांनी दिसेल
- क्यूएमयू, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम, आणि एस३९०एक्ससाठीचा, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमसाठीचा, क्रॉस कंपायलर (शेवटच्या पायरीला लागतील, डेबियन आणि उबुंटूमध्ये दोन्ही तयार पॅकेज म्हणून मिळतात)
- एक कागद

१. आधी कागदावर मांडणी लिहा

कागद सगळ्यात आधी. कोणता बाइट कितव्या जागी, त्याचा अर्थ काय, हे कोड लिहिण्यापूर्वी ठरवा. माझ्या फाईल पाठवणाऱ्या प्रोग्रामची मांडणी आता अशी आहे: ० व्या जागी एक बाइट, संदेशाचा प्रकार. १ ते ८ या जागी आठ बाइट, फाईलची साइझ, अनसाइन्ड (म्हणजे कधीच ऋण नाही), सगळ्यात वजनदार बाइट (म्हणजे मोठ्या स्थानाचा) आधी. पुढे फाईल.

एवढंच लिहायचं आहे, पण ‘अनसाइन्ड’ आणि ‘वजनदार बाइट आधी’ हे शब्द कागदावर असलेच पाहिजेत. दुसऱ्या टोकाचा प्रोग्राम उद्या कोणी जावात किंवा पायथॉनमध्ये लिहिला, तर त्या माणसाला तुमची सी फाईल उघडावी लागू नये.

२. इंट आणि लाँग विसरा

सी चं स्टँडर्ड इंटला किमान १६ बिट, लाँगला किमान ३२ आणि लाँग लाँगला किमान ६४ बिट देतं. ‘किमान’ या शब्दातच सगळी गोम आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग आठ बाइटांचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर तोच लाँग चार बाइटांचा. एका बाजूला लिनक्स आणि दुसऱ्या बाजूला विंडोज असेल, आणि दोघांनी ‘साइझऑफ लाँग’ एवढे बाइट पाठवले-वाचले, तर पहिल्याच संदेशापासून घोळ सुरू होतो.

म्हणून तारेवर जाणाऱ्या प्रत्येक संख्येसाठी १९९९ च्या सी स्टँडर्डपासून मिळणारे ठरलेल्या मापाचे टाईप घ्या: यूइंट८_टी, यूइंट३२_टी, यूइंट६४_टी, इंट६४_टी. साइझ_टी हाही फसवा आहे, ३२ बिटांच्या मशीनवर तो चारच बाइटांचा असतो.

छापतानाही तेच. प्रिंटएफमध्ये ‘%’ पुढे काय लिहायचं ते मशीनप्रमाणे बदलतं, त्यासाठी इंटटाइप्स हेडरमध्ये पीआरआययू६४ हा मॅक्रो दिलेला आहे. डिबग करताना चुकीचा फॉरमॅट वापरला तर पाठवलेली संख्या बरोबर असूनही पडद्यावर चुकीची दिसते, आणि आपण नसलेली चूक शोधत बसतो.

३. बाइटांचा क्रम म्हणजे काय

हे समजावायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही. आपण २५ लिहितो तेव्हा दशकाचा दोन आधी लिहितो. पण बोलताना म्हणतो ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. किंमत एकच, सांगायचा क्रम उलटा. मोठं स्थान आधी मांडणाऱ्या मशीनला बिग एंडियन म्हणतात, आणि लहान स्थान आधी मांडणाऱ्याला लिटल एंडियन. ही नावं संगणकात आणली डॅनी कोहेन यांनी, १ एप्रिल १९८० च्या एका टिपणात. अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून भांडणाऱ्या लोकांच्या गोष्टीवरून त्यांनी ती घेतली.

तुमच्या लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर लिटल एंडियन आहे. आजचे बहुतेक एआरएम प्रोसेसरही तसेच चालवले जातात. आयबीएमची मोठी मेनफ्रेम मात्र बिग एंडियन, आणि जुन्या राउटरांतले कित्येक एमआयपीएस प्रोसेसरही. इंटरनेटच्या प्रोटोकॉलांनी आपला क्रम म्हणून बिग एंडियन निवडला, त्यालाच नेटवर्क बाइट ऑर्डर म्हणतात.

क्रम चुकला की काय होतं ते पाहून ठेवा, पुढे ओळखायला सोपं जाईल. लिटल एंडियन मशीनने १ ही संख्या मेमरीत आहे तशी पाठवली आणि समोरच्याने ती बिग एंडियन म्हणून वाचली, तर तिथे ७२,०५,७५,९४,०३,७९,२७,९३६ उमटतो. लॉगमध्ये हा आकडा दिसला की समजा, आठ बाइट उलटे झाले आहेत.

आता ‘एकशे पंचवीस’ म्हणून पाहा. शतक आधी, मग एकक, मग दशक. धड हेही नाही, धड तेही नाही. असा मिश्र क्रमसुद्धा खरोखर भेटतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत वीज मीटर आणि पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) वाचणाऱ्यांना मॉडबस हा प्रोटोकॉल ओळखीचा असेल. त्यात १६ बिटांच्या एका रजिस्टरमधले दोन बाइट बिग एंडियन असतात, हे ठरलेलं आहे. पण ३२ बिटांच्या रीडिंगसाठी दोन रजिस्टरं जोडायची तर कोणतं आधी, हे उपकरण बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. तिथे मॅन्युअल वाचल्याशिवाय आणि मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. संख्या मोडून बाइट करा

एचटीओएनएल मधला ‘एल’ लाँगचा आहे. नाव पडलं तेव्हा लाँग ३२ बिटांचा असायचा, आणि ते फंक्शन आजही ३२ बिटच घेतं. त्याला ६४ बिटांची संख्या दिली तर कंपायलर वरचे ३२ बिट गुपचूप टाकून देतो. ‘-डब्ल्यूकन्व्हर्जन’ हा पर्याय चालू असता तर माझे दोन दिवस वाचले असते. ‘-वॉल’ आणि ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ मध्ये तो येत नाही, वेगळा द्यावा लागतो.

६४ बिटांसाठी तयार फंक्शनं आहेत, पण जागोजागी वेगळ्या नावांनी. लिनक्सवर एचटीओबीई६४, विंडोज आणि मॅकवर एचटीओएनएलएल, कुठे हेडर वेगळं, कुठे जुन्या आवृत्तीत काहीच नाही. पॉसिक्स या युनिक्स-घराण्याच्या स्टँडर्डने २०२४ च्या आवृत्तीत एचटीओबीई६४ घेतलं, तरी जुन्या सिस्टिम अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत. त्या सगळ्यांसाठी ‘इफडेफ’ ची माळ लावण्यापेक्षा मी हे वापरतो:

    व्हॉइड लिही६४(यूइंट८_टी *ब, यूइंट६४_टी सं)
    {
        फॉर (इंट आय = ७; आय >= ०; आय--) {
            ब[आय] = (यूइंट८_टी)(सं & २५५);
            सं >>= ८;
        }
    }

शेवटच्या जागेपासून सुरुवात, दरवेळी खालचे आठ बिट कापून ठेवायचे आणि संख्या आठने उजवीकडे सरकवायची. शिफ्ट संख्येच्या किमतीवर चालतो. ती किंमत मेमरीत कशी मांडली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे मशीन कोणत्या एंडियनचं आहे हे विचारावंच लागत नाही. वेगाची काळजी नको: नवे जीसीसी आणि क्लँग ही शिफ्टची धाटणी बऱ्याचदा ओळखतात आणि तिच्या जागी बाइट उलटवणारी एकच सूचना घालतात.

बफर नेहमी यूइंट८_टी किंवा अनसाइन्ड कॅरचा घ्या. साधा ‘कॅर’ इंटेलच्या लिनक्सवर साइन्ड असतो आणि एआरएमच्या लिनक्सवर अनसाइन्ड. पहिल्यावर २०० चा बाइट वाचताना -५६ होतो, दुसऱ्यावर २०० च राहतो. तुमच्या लॅपटॉपवर चुकणारा आणि रास्पबेरी पायवर बरोबर चालणारा कोड याच कारणाने जन्माला येतो.

५. बाइट जोडून परत संख्या करा

    यूइंट६४_टी वाच६४(कॉन्स्ट यूइंट८_टी *ब)
    {
        यूइंट६४_टी सं = ०;
        फॉर (इंट आय = ०; आय < ८; आय++)
            सं = (सं << ८) | ब[आय];
        रिटर्न सं;
    }

दिसायला सोपं आहे, पण लोक हे एका ओळीत लिहायला जातात तिथे फसतात. ‘ब[४] << २४’ असं लिहिलं की सी आधी त्या एका बाइटचा इंट करतं आणि मग सरकवतं. इंट ३२ बिटांचा, आणि त्याचा सगळ्यात वरचा बिट साइनचा.

३०० कोटी ही संख्या घ्या. तिचे खालचे चार बाइट आहेत १७८, २०८, ९४, ०. यातला १७८ हा १२७ पेक्षा मोठा, म्हणून २४ जागा सरकवल्यावर तो साइन बिटावर जाऊन बसतो. स्टँडर्डच्या दृष्टीने हे अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची कसलीच हमी नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा इंट ऋण होतो, आणि तो ६४ बिटांत नेताना वरचे सगळे ३२ बिट एकने भरले जातात. ३०० कोटींच्या जागी तुम्हाला १,८४,४६,७४,४०,७२,४१,४५,८४,३२० मिळतात. २०० कोटी मात्र व्यवस्थित येतात, कारण ते २,१४,७४,८३,६४८ च्या अलीकडे आहेत. म्हणून ही चूक टेस्टिंगमध्ये हमखास सुटते.

‘ब[०] << ५६’ तर त्याहून वाईट, ३२ बिटांच्या इंटला ५६ जागा सरकवायच्या कुठे? एका ओळीतच लिहायचं असेल तर प्रत्येक बाइट आधी यूइंट६४_टी मध्ये कास्ट करा आणि मग सरकवा. वरच्या लूपमध्ये सरकणारी गोष्ट ‘सं’ आहे आणि ती आधीच ६४ बिटांची आहे, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

आणखी एक आडवाट टाळा: बफरच्या पत्त्याला यूइंट६४_टी चा पॉइंटर म्हणून कास्ट करून थेट वाचणं. आपल्या मांडणीत संख्या १ ल्या जागेपासून सुरू होते, आठच्या पटीत नाही. इंटेलवर हे खपून जातं. स्पार्कसारख्या प्रोसेसरवर प्रोग्राम बस एरर देऊन जागीच मरतो.

६. ऋण संख्या

इंट६४_टी पाठवायचा असेल तर तो यूइंट६४_टी मध्ये कास्ट करून लिही६४ ला द्या. हे कास्ट स्टँडर्डने नेमकं सांगितलेलं आहे, -१ चे आठही बाइट २५५ होतात. परत येताना वाच६४ चं उत्तर मेमकॉपीने इंट६४_टी मध्ये उतरवा. एकाच मशीनवरचे, एकाच मापाचे दोन टाईप आहेत, त्यामुळे इथे मेमकॉपी सुरक्षित आहे. ऋण संख्येवर थेट उजवा शिफ्ट मात्र करू नका.

७. आठही बाइट येईपर्यंत थांबा

क्रम बरोबर, माप बरोबर, तरी आकडा महिन्यातून एखाद्या वेळी भलताच येतो? मग रिसीव्हचं उत्तर तपासा.

टीसीपी म्हणजे बाइटांचा ओघ. संदेश कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तो लक्षात ठेवत नाही. तुम्ही एकदा आठ बाइट सेंड केले म्हणून समोर एकाच रिसीव्हमध्ये आठ मिळतील असं नाही. तीन मिळतील, मग पाच. एकाच मशीनवर दोन प्रोग्राम चालवून पाहिलं तर जवळजवळ नेहमीच आठ मिळतात, आणि तीच सवय अंगाशी येते. मोबाईल नेटवर्कवर किंवा मोठ्या डेटाच्या मागोमाग संख्या आली की ती मधोमध तुटते.

    इंट पूर्णवाच(इंट सॉ, यूइंट८_टी *प, साइझ_टी किती)
    {
        व्हाइल (किती > ०) {
            एसएसाइझ_टी न = रिसीव्ह(सॉ, प, किती, ०);
            इफ (न == ०) रिटर्न ०;
            इफ (न < ०) {
                इफ (एरनो == ईआयएनटीआर) कंटिन्यू;
                रिटर्न -१;
            }
            प += न;
            किती -= (साइझ_टी)न;
        }
        रिटर्न १;
    }

रिसीव्हने शून्य दिलं म्हणजे समोरच्याने कनेक्शन मिटलं. एकही बाइट आलेला नसताना मिटलं तर ठीक, पण तीन बाइट आल्यावर मिटलं तर तो अर्धवट संदेश आहे. हे फंक्शन दोन्ही वेळी ० परत देतं. तुम्हाला फरक कळायला हवा असेल तर किती बाइट आले तेही परत द्या. सेंडलाही असाच लूप लागतो, तोही कमी बाइट घेऊन परत येऊ शकतो. आणि समोरचा निघून गेल्यावर लिहिलंत तर लिनक्सवर सिगपाइप सिग्नल येऊन प्रोग्राम मुकाट बंद पडतो. सेंडला एमएसजी_नोसिग्नल हा फ्लॅग द्या, मग सिग्नलऐवजी एरर मिळेल.

विंडोजवर रिसीव्हची माप घ्यायची पद्धत थोडी वेगळी आहे आणि एरर एरनोमध्ये येत नाही, तो डब्ल्यूएसएगेटलास्टएरर ला विचारावा लागतो. लूप तोच.

८. स्ट्रक्ट उचलून पाठवू नका

एक बाइटचा प्रकार आणि आठ बाइटांची साइझ, मिळून नऊ. पण हे दोन सदस्य स्ट्रक्टमध्ये घाला आणि साइझऑफ छापा. ६४ बिटांच्या लिनक्सवर १६ येईल, ३२ बिटांच्या इंटेल लिनक्सवर १२. मधली भर कंपायलरने घातलेल्या पॅडिंगची. त्या रिकाम्या बाइटांत मेमरीतलं आधीचं काहीही असू शकतं, अगदी पासवर्डचा तुकडासुद्धा, आणि तो तारेवरून बाहेर जातो. ‘पॅक्ड’ लिहून पॅडिंग जाईल, बाइटांचा क्रम तरी जिथल्या तिथेच. नऊ बाइटांचा बफर घ्या आणि हाताने भरा.

९. मजकूर म्हणून पाठवलं तर?

चालतं, आणि संदेश थोडे असतील तर मला ते आवडतंही. आकडा दशमानात छापायचा, शेवटी न्यूलाइन. क्रमाचा प्रश्नच मिटतो. सगळ्यात मोठी अनसाइन्ड ६४ बिटांची संख्या २० अंकी आहे, त्यामुळे न्यूलाइन आणि शेवटचं शून्य धरून २२ बाइटांचा बफर पुरतो.

सापळा वाचण्याच्या बाजूला आहे. स्ट्रटूयूएलएल हे फंक्शन ‘-१’ सुद्धा आनंदाने घेतं आणि त्याची प्रचंड मोठी अनसाइन्ड संख्या करून देतं. आधी पहिलं अक्षर अंकच आहे ना ते पाहा, एरनो शून्य करा, मग फंक्शन बोलवा, आणि नंतर एरनो ईरेंज झाला का व शेवटचा पॉइंटर न्यूलाइनवर थांबला का, दोन्ही तपासा. समोर जावास्क्रिप्ट असेल तर आकडा अवतरणात, स्ट्रिंग म्हणून द्या. तिथली साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे एकेक अंक धरू शकत नाही.

१०. ६४ बिटांतही न मावणारे आकडे

क्रिप्टोग्राफीत २०४८ बिटांचे आकडे रोजचे असतात. त्यांचं माप आधी ठरलेलं नसतं, म्हणून पुढे चार बाइटांत लांबी आणि मागे तेवढे बाइट, वजनदार आधी. एसएसएच प्रोटोकॉल आपल्या मोठ्या संख्या अशाच पाठवतो. मोठ्या आकड्यांची जीएमपी ही लायब्ररी वापरत असाल तर एमपीझेड_एक्सपोर्टला क्रम १, साइझ १, एंडियन १, नेल्स ० द्या. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: ते चिन्ह पाठवत नाही, त्यासाठी वेगळा बाइट ठेवा. आणि शून्यासाठी ते एकही बाइट लिहीत नाही, म्हणून लांबी ० हा वैध संदेश माना.

लांबी वाचल्यावर थेट मॅलॉक करू नका. चार बाइटांत चार अब्जांहून मोठा आकडा लिहिता येतो, आणि तो लिहिणारा माणूस तुमच्या ओळखीचा असेलच असं नाही. वरची मर्यादा ठरवा, तिच्या पुढचा संदेश आला की कनेक्शन बंद.

११. तपासणी

या आकड्याने सुरुवात करा: ७२,६२,३८,५९,७९,०३,८२,८५६. याचे बाइट क्रमाने ०१, ०२, ०३ ते ०८ असे येतात. टीसीपीडंपला ‘-एक्स’ पर्याय देऊन लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर) लावा आणि बाइट त्याच क्रमाने जाताना बघा. घेणाऱ्याकडे ५,७८,४३,७६,९५,७५,२३,०७,२०१ दिसला तर एक बाजू उलटी आहे.

मग कडेचे आकडे: ०, १, २५५, २५६, आणि दोनच्या ३१, ३२ व ६३ व्या घातांच्या एक अलीकडे आणि बरोबर त्यावर. शेवटी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, सगळे बिट एक. आधी सांगितलेले ३०० कोटीही घ्या. कंपाईल करताना ‘-एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड’ द्या, पायरी ५ मधला चुकीचा शिफ्ट तो ओळ क्रमांकासकट पकडून देतो. तुटक वाचन तपासायला पाठवणाऱ्यात मुद्दाम तीन बाइट, मग एक सेकंद झोप, मग पाच बाइट असं करा.

सगळ्यात शेवटी बिग एंडियन मशीन. ते विकत घ्यावं लागत नाही. एस३९०एक्सच्या क्रॉस कंपायलरने घेणारा प्रोग्राम ‘-स्टॅटिक’ देऊन बांधा आणि क्यूएमयू-एस३९०एक्स खाली चालवा. तो तुमच्याच लॅपटॉपच्या पोर्टवर ऐकत बसतो. दुसऱ्या टर्मिनलमधून नेहमीचा इंटेलवाला पाठवणारा चालवा आणि वरची आकड्यांची यादी एकेक करून सोडा. मग बाजू उलट करा, एस३९०एक्स पाठवणारा आणि इंटेल घेणारा. दोन्ही वेळी सगळे आकडे जसेच्या तसे उतरले की ही यादी मेक टेस्टमध्ये घाला, म्हणजे पुढे कोणी लिही६४ ला हात लावला तरी ती आपोआप चालेल.